आधी आडवं व्हा, मग बांधा

गिऱ्हाइकाला आडवं निजवून माप घेणारा शिंपी तुम्ही कधी पाहिलाय का? मीही पाहिला नाही, पण ऐकलाय. शुक्रवार पेठेत आमची खोली आणि मास्तरांचं दुकान यांच्यामध्ये एकच मातीची भिंत होती, आणि ती वर पत्र्यापर्यंत पोचलेली नव्हती. दुकानाच्या पुढच्या भागात मास्तरांचं पायाचं मशीन खडखडायचं. मागच्या भागात एक जाड पडदा आणि पडद्याआड लांब बाकडं. मशीन मध्येच थांबलं की मी समजायची, गिऱ्हाईक पडद्याआड गेलं. मग मास्तरांचा आवाज यायचा, लेकराला झोपवताना असतो तसा हळू.

"आडवं व्हा. गुडघे वर घ्या. आता खोका."

माणूस खोकायचा.

"आणखी एकदा. गेलं आत? गेलं ना? मग आता बांधा. ध्यानात ठेवा भाऊ, आधी आडवं व्हा, मग बांधा. उभ्यानं बांधायचं न्हाय. कितीबी घाई असू द्या, न्हाय म्हंजे न्हाय."

मी मंगळवेढ्याकडची, नुकती लग्न होऊन सोलापुरात आलेली. मला वाटायचं, शहरातली रीत असेल. बंडी शिवायची म्हणजे छाती आली, छाती आली म्हणजे खोकला तपासत असतील. हसू नका. मला कुणी सांगितलंच नव्हतं, तर मी काय समजणार?

मास्तरांचं नाव मी इथं लिहीत नाही. पेठेत सगळे त्यांना मास्तरच म्हणत. माणूस उंच आणि काटकुळा. कान असे की टोपी कानांवरच टेकलेली. टोपीच्या काठाला सुया टोचलेल्या, आणि दातांत कायम दोरा, त्यामुळं बोलणं तोंडाच्या एकाच कोपऱ्यातून यायचं. सुईत दोरा ओवताना डावा डोळा घट्ट मिटायचे आणि वरचा ओठ नाकाकडं ओढायचे. त्यांची पोरंही अगदी तसंच करायची, हातात सुई नसतानासुद्धा.

आणखी एक गंमत मी फार दिवस बघत होते. मास्तरांचं गिऱ्हाईक दुकानात शिरायच्या आधी गल्लीच्या या टोकाला बघायचं, मग त्या टोकाला बघायचं, मग झटकन आत. आणि दुकानाबाहेर मास्तरांना कुणी रामराम करायचं नाही, सलाम करायचं नाही. चांगली मोठी मोठी माणसं, पण समोरून मास्तर आले की आकाशात घार शोधायची. मास्तरांना त्याचा राग नव्हता. उलट लांबून असा कुणी येताना दिसला की मास्तरच वळून कुणाच्या तरी भिंतीवरचा चुना निरखत उभे राहायचे. समोरच्याला त्रास नको म्हणून.

त्यांची बायको, मी तिला भाभी म्हणायची. गोरी, ठेंगणी, हसरी. माझ्या गोधडीचे टाके बारीक आणि घट्ट असायचे, ते तिनं बघितलं आणि एक दिवस काम घेऊन आली. जाड मांजरपाटाचे तुकडे आणि पिंजलेला कापूस. तळहाताएवढ्या गाद्या शिवायच्या, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला निमुळत्या होत गेलेल्या.

"हे कशाला हो भाभी?"

"तू सी, बाई, शिव. कापूस ठासून भर, ढिला नक्को."

मी शिवायला लागले. दुपारचं घरी बसून होणारं काम, मला आवडायचं. अशीच एक गादी शिवून तयार होती आणि नळाला पाणी आलं म्हणून आरडाओरडा झाला. चुंबळ सापडेना. मी ती गादी डोक्यावर ठेवली, वर घागर ठेवली आणि निघाले. छान बसली हो! आमच्या गावच्या चुंबळीपेक्षा मऊ. गल्लीतून चालले तर पानवाल्यानं मान खाली घातली. समोरून येणारे एक म्हातारे गृहस्थ भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मला वाटलं, पदर ढळला की काय. घागर सावरत सावरत पदर ओढला. नळावर पोचले तर भाभी माझ्या डोक्याकडं बघतच राहिली. आणि मग नळाच्या दगडावर बसून तिनं जे हसायला सुरुवात केली, ती घागर भरून वाहिली तरी थांबेना.

"अगे, उतार वो! मरदांची चीज हाय ती!"

मग तिनं कानात सांगितलं. गिरणीत कापडाच्या गाठी उचलून, बाजारात पोती वाहून पुरुषांच्या जांघेशी आतडं खाली उतरतं. अंतर्गळ म्हणतात त्याला. काहींचं पार खालच्या पिशवीपर्यंत येतं. ते आत ढकलून वर ही गादी आणि तिच्यावर पट्टा आवळायचा. काहींच्या पिशवीत पाणी धरतं, भोपळ्याएवढी होते, त्यांना चालता यावं म्हणून मास्तर झोळी शिवतात. "लाज लई वाटते मरदांना," भाभी म्हणाली. "बायकोलाबी बोलत न्हाईत."

त्या दिवसापासून मला भिंतीपलीकडचं बोलणं कळायला लागलं. पट्टा बांधून झाला की मास्तर प्रत्येकाला एकच गोष्ट सांगायचे. "हा कच्चा टाका हाय भाऊ. पक्का टाका सरकारी दवाखान्यात घालत्यात. जाऊन या." आणि प्रत्येक जण म्हणायचा, "जातो की मास्तर, सुगी होऊ द्या," नाहीतर "दिवाळी होऊ द्या." कुणीही जात नसे. सुऱ्यानं कापलं की माणूस खच्ची होतो, बोकड होतो तसा, अशी सगळ्यांची खात्री होती. तसं कुणाचं झालेलं कुणी पाहिलं नव्हतं, पण खात्री होती.

आता माझ्या घरचं सांगते.

आमचे हे गिरणीच्या गुदामात होते. वैरागचे, अंगानं धिप्पाड, एकटे गाठ पाठीवर घेणारे. सोबतीचे लोक त्यांच्या ताकदीच्या गोष्टी सांगायचे आणि ह्यांना ते फार आवडायचं. लग्नाला दोन वर्षं झाली होती. पाळणा हलला नव्हता.

एके सकाळी हे नळावर गेले असताना मी वळकटी गुंडाळायला घेतली, तर आत काहीतरी टणक लागलं. काढून बघते तर पट्टा, आणि पट्ट्याला गादी. माझ्याच हातची. शेवटच्या कडेला पांढरा दोरा संपला होता म्हणून मी निळ्या सुतानं टाके घातले होते. चादरीचं सूत होतं ते, शेजारच्या विणकरणीनं दिलेलं. ते निळे टाके माझ्याकडं बघत होते.

मी पट्टा होता तसा ठेवला. हे आले, चहा प्याले, भाकरी बांधून घेतली, गेले. मी काय बोलणार? त्या वेळी नवऱ्याला खालच्या दुखण्याविषयी विचारणारी बायको म्हणजे कळस झाला असता. पण माझ्या जिवाचं पाणी झालं. हे खोकले की माझा हात थांबायचा. नळावरून येताना दम घेतला की मी मोजायला लागायची, हा नेहमीचा दम की दुखण्याचा? गिरणीचा भोंगा झाला की मनात यायचं, आता गाठ उचलत असतील. पाठीला दगड बांधल्यासारखी मीच दिवसभर वाकून वावरायची.

शेवटी एकदा मागच्या दारानं गाद्या द्यायला गेले तेव्हा विचारलंच. "मास्तर, निळ्या टाक्यांची गादी कुणाला गेली?"

मास्तरांनी दातातला दोरा काढला. असं ते क्वचितच करत. "वैनी, गिऱ्हाइकाचं माप मी ठेवतो. नाव ठेवत न्हाय."

"पन तो मानूस बरा हाय न्हवं?"

त्यांनी मशीनच्या चाकावर हात फिरवला. "पट्टा नीट बांधला तर बरा. रोज आडवं होऊन बांधला तर. आनि दवाखान्यात गेला तर लई बरा." मग हळूच म्हणाले, "तुमी सांगून बघा की. मी सांगून दमलो."

मी सांगितलं नाही. सांगणार होते, उद्या सांगू, परवा सांगू, असं चाललं होतं. पण एवढं करायला लागले की पहाटे मी मुद्दाम बाहेर जायची, अंगण झाडायला म्हणून. दार ओढून घ्यायची. आतून बाजेची करकर आली की जीव भांड्यात पडायचा. आडवे झाले. आता बांधतील. आमच्या त्या एका खोलीत मी त्यांना तेवढा आडोसा देत होते आणि त्यांना वाटत होतं, बायको फार झाडलोट करते.

तेवढ्यात वैरागहून वन्सं आल्या. घरात लग्न होतं, बस्ता बांधायला आल्या होत्या. सोबत त्यांचे मालक, सासू, पोरं. खोलीत पाय ठेवायला जागा नाही. रात्री माणसाला माणूस लागून झोपलेलं. पहाटे मी उठून बघते तर वन्संची सासू भिंतीला टेकून जप करत बसलेली, बाजेवर पोरं, खाली पाहुणे. मी अंगणात जाऊन झाडू लागले, पण कान आत. करकर आली नाही. भोंगा झाला. हे दारामागून बाहेर आले, धोतर सारखं करत. दारामागं एक माणूस उभा राहील एवढीच जागा होती.

उभ्यानं बांधला होता.

माझ्या हातातला झाडू तसाच राहिला. "अवो," मी म्हटलं, "आज जाऊ नगा की. पावनी हायती."

"म्हनून तर जायाचं. पावन्यांनी घरी बसलेला बघावा व्हय?" आणि गेले. गल्लीच्या टोकापर्यंत मी त्यांची चाल बघत होते. डावा पाय जरा जपून पडत होता.

त्या सकाळी मी काय रांधलं, कुणाला वाढलं, काही आठवत नाही. वन्सं म्हणत होत्या, "वैनी, चटनीत शेंगादाणं हायत का नुसतं तिखट?" मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते आणि कान गल्लीकडं. ऊन चढलं. पत्रा तापून कडकड वाजायला लागला. आणि मग गुदामातले दोघे जण ह्यांना मधे धरून घेऊन आले. कमरेत वाकलेले, चेहरा राखेसारखा, घामानं बंडी चिकटलेली. उंबऱ्यातच ओकले.

"ऊन लागलं," एक जण म्हणाला.

"ऊन न्हाय, नजर लागलीया माझ्या भावाला," वन्सं म्हणाल्या आणि मीठमोहऱ्या घेऊन धावल्या. कुणी कांदा ठेचला. कुणी पायाला कांशाची वाटी घासायला घेतली. हे पोटाशी पाय घेऊन कुशीवर पडले होते आणि दोन्ही हात जांघेवर दाबलेले. पुन्हा ओकले. त्या खोलीत एवढी माणसं होती, पण काय झालंय ते फक्त ह्यांना आणि मला माहीत होतं. आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत नव्हतं.

मी उठले. पायात काही न घालता, भर दुपारी, पुढच्या दारानं मास्तरांच्या दुकानात गेले. पुढच्या दारानं बाई कधी जात नसे. बाकावर बसलेलं एक गिऱ्हाईक दचकून उठलं.

"मास्तर," मी म्हटलं, "तुमी बांधता ते सोडवाया चला. उभ्यानं बांधलंय."

मास्तरांच्या तोंडातला दोरा खाली पडला. मशीनवर कापड तसंच टाकून ते माझ्या पुढं धावत सुटले.

त्यांनी सगळ्यांना खोलीबाहेर काढलं. वन्सं निघेनात, त्यांना त्यांच्या मालकांनी दंड धरून काढलं. मी कोपऱ्यात हंड्याच्या आड उभी राहिले, मला मास्तर काही बोलले नाहीत. पट्टा सोडला. माझ्याकडं पाठ करून त्यांनी हात लावून बघितलं आणि ह्यांनी अशी किंकाळी फोडली की बाहेर पोरं रडायला लागली.

"कवठागत झालंय," मास्तर म्हणाले. "आत जात न्हाय. आता हे माझं काम न्हाय. टांगा आना, दवाखान्यात न्यायचं."

"न्हाय." ह्यांनी बाजेचा गात, कडेचा दांडा, धरला. "न्हाय. खच्ची करत्यात. अजून लेकरू न्हाय मला. मेलो तर मेलो, पन मानूस म्हनून मरतो."

"ऐक भाऊ. पायजम्याला नेफा असतो की न्हाय? नाडी जायला वाट ठेवतो ना आपन? तशी जांघेत एक वाट असती. मूल आईच्या पोटात असताना त्याच्या दोन्ही गोळ्या वर पोटातच असत्यात. मग त्या वाटेनं खाली पिशवीत उतरत्यात, आनि मागं वाट बुजती. कुनाची सैल राहती. वजन उचललं की आतडं त्याच वाटेनं उतरतं. आता ते उतरलं आनि वर तू पट्टा आवळला. नेफ्यात बोट अडकून काळंनिळं होतं, तसं व्हायला लागलंय. डागदर काय करनार? आतडं वर सारनार आनि वाट शिवनार. गोळ्या तशाच, नाडीबी तशीच. तिला हात न्हाय लावत."

"तुला काय ठावं? तू शिंपी."

बाहेरून वन्संचा आवाज आला, "मास्तर, माझ्या भावाला चाकू लावू देनार न्हाय मी! वंस बुडवतासा काय?"

हे पुन्हा ओकले. या वेळी नुसतं हिरवट पाणी. मला दिसत होतं, बाजेचा गात धरलेली बोटं पांढरी पडत होती. मी हंड्याला धरून उभी होते आणि मनात एकच, हे हट्टानं मरणार, माझ्यासमोर, हितं, या बाजेवर.

मास्तर उठून उभे राहिले. क्षणभर दाराकडं बघितलं. फळ्यांचं दार, फटीफटीतून डोळे. मग त्यांनी पायजम्याच्या नाडीला हात घातला. मी तोंड फिरवलं.

"बघ," मास्तर म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता, मोठा होता. "हा व्रण बघ. हितनं हितपर्यंत. मलाबी कापलंय. सगळ्यांस्नी सांगितलं, गुलबर्ग्याला भावाच्या लग्नाला गेलो हुतो. लग्न न्हवतं. दवाखान्यात पडलो हुतो."

ह्यांनी मान उचलून व्रण बघितला.

"मग... पोरं?" ह्यांनी विचारलं.

"थोरल्या दोघी आधीच्या. बाकीची तिनी नंतरची. जा, मोज जाऊन. गल्लीत खेळायला लागल्यात."

मी दाराच्या फटीतून बघितलं. गर्दीच्या मागं भाभी उभी होती, धाकटा कडेवर. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं पदर डोक्यावरून तोंडापर्यंत ओढला, पोराला छातीशी घेतलं आणि घराकडं वळली. तेव्हा मला कळलं की एवढी वर्षं मास्तर गप्प का होते. स्वतःसाठी नाही हो. लोक एकदा माणसाला खच्ची म्हणाले की पुढचा सवाल त्याच्या बायकोला येतो.

"टांगा बोलवा," हे म्हणाले.

टांग्यात ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर आणि पाय मास्तरांच्या मांडीवर. मास्तरांनी ते पाय वाटभर वर धरून ठेवले होते. प्रत्येक खड्ड्याला हे कण्हायचे आणि मास्तर टांगेवाल्याला म्हणायचे, "हळू रे, हळू... अरे लवकर चल की!" दोन्ही एकाच श्वासात.

दवाखान्याच्या ओसरीवर आम्ही बसलो. आतून भुलीच्या औषधाचा गोड वास यायला लागला. मी विचारलं, "मास्तर, वाचतील न्हवं?"

त्यांनी टोपीतली सुई काढली, पुन्हा टोचली, पुन्हा काढली. "वैनी, मला शिवनीचं कळतं. पुढचं मला कळत न्हाय." खोटा धीर त्यांनी दिला नाही. पण उठूनही गेले नाहीत. उन्हं कलली, दुकान उघडं पडलं होतं, घरी भाभी एकटी होती, हे सगळं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. तरी बसून राहिले.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा हात पुसत होते. तरुण माणूस, दमलेला. म्हणाले, "आतडं काळं पडत आलं होतं. कोमट पाण्याच्या फडक्यानं शेकत बसलो, मग रंग परतला. आणखी उशीर केला असतात तर काही हातात नव्हतं." मग मास्तरांकडं बघून म्हणाले, "पट्टा कुणी काढला? वेळेवर काढला." मास्तरांनी मान खाली घातली. पट्टा शिवलाही त्यांनीच होता, हे त्यांनी तिथंच सांगून टाकलं. डॉक्टर म्हणाले, "लोक इथं येत नाहीत तोवर शिवा बाबा. पण इकडं पाठवत चला." मास्तर म्हणाले, "पाठवतोय साहेब. पाय धरून पाठवतोय."

हे वाचले. पण पेठेतल्या जिभा सुटल्या त्या सुटल्या.

नळावर कुजबुज. "नंतरची म्हनं तिनी!" "देवाची करनी, दुसरं काय!" आणि खी खी. भाभी नळावर यायची थांबली. थोरली मुलगी पाणी न्यायला यायची, तिलाही कुणी तरी विचारलं, "तुझ्या धाकट्या भावाचं नाक कुनावर गेलंय गं?" पोर घागर टाकून घरी पळाली. भिंतीपलीकडून मला भाभीचं रडणं ऐकू यायचं आणि मास्तरांचा आवाज मात्र नाही. मशीनसुद्धा थांबून थांबून चालायचं. माझ्या घासाला चव उरली नव्हती. माझा नवरा माझ्या समोर बसून भाकरी खात होता, आणि त्याची किंमत ते घर मोजत होतं.

मग एक दिवस भाभी स्वतःच नळावर आली. पदर खांद्यावर, नंतरची तिन्ही पोरं सोबत. नळाच्या दगडावर तिघांना ओळीनं उभं केलं, आणि पदराला टोचलेली सुई काढून मधल्याच्या हातात दिली, दोरा दिला.

"ओव," म्हणाली.

पोरानं डावा डोळा घट्ट मिटला. वरचा ओठ नाकाकडं ओढला. बाजूला उभ्या असलेल्या दोघांनीही, हातात काही नसताना, तसंच केलं. तीन मिटलेले डोळे, सहा मोठाले कान.

"देखो अच्छे से," भाभी म्हणाली. "आनि घरी जाऊन आपापल्याबी पोरांचे कान बगा."

आधी एक जण हसली, मग सगळ्या. त्या हसण्यात काय काय धुऊन गेलं. सगळं नाही गेलं. पण नळावर घागर लावायला भाभीला जागा मिळाली.

पुढं मला दिवस गेले, तेव्हा माझी धास्ती वेगळीच. आता माझ्याविषयी बोलतील. नऊ महिने मी देवाजवळ एकच मागत होते, मूल कुणासारखं तरी दिसू दे. झाली मुलगी, आणि नाक, हनुवटी, भुवया, हुबेहूब वैरागच्या वन्सं! आयुष्यात पहिल्यांदा मी वन्संचं नाक बघून देवाला हात जोडले. त्याच वन्सं, वंश बुडवता काय म्हणणाऱ्या, मास्तरांच्या दारात पेढे घेऊन गेल्या. पुढच्या दारानं.

त्यानंतर काही माणसं दवाखान्यात जायला लागली. मास्तर आता उघडच सांगायचे, "मी जाऊन आलोय, शेजारचा गडी जाऊन आलाय, जा की!" पण सगळे कुठले जातात. बरेच जण पट्ट्यावरच राहिले. गल्लीची दोन्ही टोकं बघून आत शिरणं चालूच राहिलं आणि रस्त्यात घारी शोधणंही. आमचे हे मात्र भर चौकात, लांबून हाक मारायचे, "मास्तर, सलाम!" मास्तर लाजून टोपीतल्या सुया चाचपायचे.

मास्तर गेले ते तापानं. आठवडाभर अंगात ताप होता आणि एका सकाळी मशीन वाजलंच नाही.

त्या दुपारी जनाजा निघायचा होता. त्यांचे जातभाई थोडेच, तेही लांबून येणारे. आमचे हे सगळ्यांच्या आधी टोपी घालून दारात उभे. गल्ली मोकळी पडलेली. ह्यांचा चेहरा लाल होत चालला.

"एवढ्या मानसांचं धरून ठेवलं मास्तरांनी," हे म्हणाले. "एक बी दिसंना. मेल्यावर तरी वळख दावावी की."

मी उंबऱ्यावर उभी राहून बघत होते. समोर पानवाल्याची खोली. त्याचं दार लागलं आणि आतून कडी वाजली. त्याच्या पलीकडं हमालाची खोली, तिचंही दार लागलं. मग वरच्या मजल्यावरचं. आता तुम्हीच सांगा, सोलापुरात उन्हाळ्याच्या दुपारी कोण दार लावून बसतं? आम्ही तर फटीसुद्धा वाऱ्यासाठी मोकळ्या ठेवतो. मी कान दिला. पानवाल्याच्या खोलीतून खोकला आला. थांबून, पुन्हा एकदा. मग हमालाच्या खोलीतून. मग वरून.

मी ह्यांच्या दंडाला हात लावला. लोकांसमोर मी कधी तसं केलं नव्हतं.

"थांबा जरा," मी म्हटलं. "खांदा द्यायचाय न्हवं त्यांना? आडवे झालेत. आता बांधतील."

हे माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी टोपी काढून डोळ्यांवर धरली.

पहिली कडी निघाली. मग दुसरी. धोतरं सावरत एकेक माणूस उन्हात बाहेर आला आणि सरळ मास्तरांच्या दाराकडं चालू लागला. गल्लीच्या टोकांकडं कुणी बघितलं नाही.